पडद्यावरचा कार्तिक

अहो, तुम्ही गेलात त्या दुपारपासून कॉम्प्युटर कुणी बंद केलेला नाही. झोपण्याआधी तो बंद करायचं काम तुमचं, मेन स्विचसकट, आणि तुमचं काम उचलायला अजून कुणाचा हात पुढे झालेला नाही. भेटायला माणसं येतात, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसतात. तुम्ही किती भले होतात हे सांगून झालं की बोलण्यासारखं फार उरत नाही आणि मग सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या पडद्याकडे वळते. तिथे आपला स्क्रीन सेव्हर चालू असतो. गडद निळं आकाश, खाली गंगेची फिकट रेघ, उंच बांबू, बांबूंच्या टोकाला दोरीने चढवलेल्या टोपल्या. टोपल्या रिकाम्या.

शेजारच्याच खिडकीतून काशीचा पंचगंगा घाट दिसतो. तिथले बांबू खरे, टोपल्या खऱ्या, आणि संध्याकाळ झाली की प्रत्येक टोपलीत दिवा. गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून कार्तिकभर लावायचे आकाशदिवे. कोजागिरीला ते वर चढले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. माणसं एकदा खिडकीकडे बघतात, एकदा पडद्याकडे, पण काही विचारत नाहीत. अशा घरात कॉम्प्युटरची चौकशी करणं बरं दिसत नाही.

अनघाने मात्र विचारलं. आपली लेक बंगळूरहून आली ती अजून इथेच आहे. दहाव्याला घाटावरून आल्यावर ती ओल्या केसांनीच पडद्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “आई, ती ओळ बदल ना आता. बाबांसाठी दिवे लागू देत.”

तिचा तो ‘आता’ मला टोचला. आता म्हणजे हरकत घ्यायला तुम्ही नसताना. एकच ओळ आहे हे तिला पक्कं ठाऊक, कारण तिच्या लहानपणापासून आपण त्या एका ओळीवरून भांडत आलो. इतर नवरा-बायको माहेरच्या माणसांवरून भांडतात, पैशावरून भांडतात. आपण एका स्क्रीन सेव्हरवरून भांडलो आणि तेही दर वर्षी, ठरलेल्या दिवसांत, एखाद्या सणासारखं.

सुरुवात तुमच्याच कोष्टकापासून झाली होती, हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. तुम्हाला पंचांगाचं गणित करायला आणि मला शाळेचे पेपर टाईप करायला म्हणून आपण कॉम्प्युटर घेतला. रिक्षा मैदागिनला थांबली, पुढे सगळ्या गल्ल्या. हमालाने तो भलामोठा मॉनिटर डोक्यावर घेतला आणि त्याच्या पुढे तुम्ही, “हटिए भैया, हटिए” करत, गाईंना बाजूला सारत दुर्गाघाटापर्यंत आलात, जशी काही देवाची पालखीच निघाली होती. गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या होत्या. कुणीतरी विचारलं, पंडीजींनी टीव्ही घेतला का, तर तुम्ही मान ताठ करून म्हणालात की टीव्ही नव्हे, गणक.

मग तो गणक तुम्ही ज्या पद्धतीने वापरलात ती पद्धत बघून मला रडू यायचं. तिथींचं कोष्टक उघडून बसायचात, खालून कुणी यजमान हाक मारायचा, तुम्ही तसेच उठून उपरणं झटकत घाटावर. कोष्टक पडद्यावर तासन्‌तास उघडं. तेव्हाच्या मॉनिटरची काचच अशी होती की एकच चित्र फार वेळ राहिलं तर त्याचा डाग पडायचा, कायमचा. वर्षभरात आपल्या काचेवर तुमच्या कोष्टकाच्या उभ्या-आडव्या रेघा उमटल्या. मी सातवीच्या मुलींचा पेपर काढायचे तो तुमच्या पंचमी-षष्ठीच्या जाळीमागून. अशा डागांपासून काच वाचवायलाच स्क्रीन सेव्हर असतो, थोडा वेळ कुणी हात लावला नाही की तो आपोआप सुरू होतो आणि चित्र हलतं ठेवतो, हे मी तुम्हाला समजावलं. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोष्टक उघडं टाकून गेलात.

कॉम्प्युटरबरोबर तयार स्क्रीन सेव्हर आले होते, ते मी एकेक लावून दाखवले. एकात नळ वाढत जायचे. घरात प्यायला पाणी येत नाही आणि इथे एवढे नळ, असं म्हणून तुम्ही तो नापास केलात. दुसऱ्यात काळ्या पडद्यावर चांदण्या समोरून येऊन अंगावर धावायच्या. त्यावर मात्र तुम्ही खरोखर चिडलात. जन्मभर ग्रहताऱ्यांचं गणित केलेला माणूस. तारे असे कुणाच्या अंगावर येत नाहीत, त्यांना आपल्याशी काही देणंघेणं नाही, हे कुणी काढलंय त्याला आकाश दाखवा एकदा. मी म्हटलं, त्याला आता कुठून आणू, तर तुम्ही खिडकीबाहेर बोट केलंत. कार्तिक होता. पंचगंगेवर दिवे लागत होते.

“मग तूच कर की एक. हे असं.”

मी गणिताची बाई. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा ज्यांना गणित येतं त्यांना हेही येतच असणार, असं मोठ्या बाईंनी परस्पर ठरवून टाकलं आणि मी मुलींच्या एक धडा पुढे राहत प्रोग्रॅमिंग शिकले. कुणी माझ्याकडे काही मागावं आणि ते मला करता यावं, असं त्या काळात क्वचित घडायचं. सांगलीहून लग्न होऊन आलेली मी, गल्लीत रस्ता चुकणारी, भाजीवाल्याच्या हिंदीला नुसती मान हलवणारी. तुम्ही मागितलंत आणि मी त्याच रविवारी बसले.

पहिला पूर्ण महिना आपला स्क्रीन सेव्हर सुरू व्हायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नाहीसा व्हायचा. त्याचा नियमच तो, माणसाची चाहूल लागली की निघून जायचं. पण चाहूल कुणाची, तर कुणाचीच नाही. शेवटी कळलं, सुरू होताना माउस कुठे आहे हे कॉम्प्युटर त्याला एकदा सांगतो, आणि आमचं वेडं त्यालाच माउस हलला असं समजून पळून जायचं. ते दुरुस्त केलं तर तुमचा पानाचा डबा आडवा आला. तुम्ही तो टेबलावर ठेवायचात म्हणजे आपटायचातच, माउस केसभर सरकायचा, की दिवे गायब. मग मी एवढ्या-तेवढ्या हालचालीकडे काणाडोळा कर असं प्रोग्रॅमला सांगितलं. किती हालचाल माफ करायची त्या आकड्याला कोडमध्ये मी ‘पानदान’ असं नाव दिलं, ते आजही तसंच आहे.

दिव्यांनी तर जीव खाल्ला. मी सगळे एकदम लुकलुकवले, तर तुम्ही म्हणालात ही बारातीची रोषणाई झाली. मग तुम्ही खिडकीत खुर्ची टाकून बसलात आणि मला एकेक दिवा सांगायला लागलात. डावीकडच्या त्याला तेल कमी आहे, तो आधी बारीक होईल. मधला वाऱ्यात आहे. तो पलीकडचा बघ, टोपलीला भोक असणार, त्याचा उजेड खालीसुद्धा पडतोय. मी तुमच्याकडे पाठ करून टाईप करत होते आणि तुमच्या बोलण्यातून माझ्या पडद्यावर दिवे येत होते. माझ्या संसारातले सगळ्यांत सुखाचे रविवार ते. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पुढच्या रविवारी तुम्ही मुद्दाम कुणाचं तरी श्राद्ध घेतलं असतं.

दिवे बाराही महिने असावेत असं माझं म्हणणं. लोकांना दिवेच आवडतात. तुम्ही म्हणालात, बारा महिने लावायला ते काय दुकान आहे, आकाशदिवा कार्तिकातच. बाकीचे अकरा महिने नुसतं आकाश, रिकाम्या टोपल्या आणि तिथीप्रमाणे लहानमोठा होणारा चंद्र. म्हणजे प्रोग्रॅमला तिथी कळायला हवी, महिना कळायला हवा. ते गणित तुम्ही मला पाटीवर शिकवलंत. सूर्य-चंद्रांतलं अंतर बारा अंशांनी भागायचं की तिथी, आणि अमावास्येला सूर्य कुठल्या राशीत आहे त्यावरून महिना. अधिकमासाची भानगडसुद्धा तुम्ही हौसेने घालायला लावलीत. इतक्या आनंदाने मी कुणाकडून काही शिकले नसेन. शेवटी मी ती ओळ लिहिली. महिना कार्तिक असेल तर संध्याकाळी दिवे लाव. एवढीच.

पुढच्या वर्षी कोजागिरी झाली. पंचगंगेवर टोपल्या वर चढल्या, दिवे लागले, आणि आपण दोघं हात धुऊन पडद्यासमोर बसलो. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणून हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलांसारखे. आकाश आलं. चंद्र आला, नुकती पौर्णिमा झालेला, अगदी बरोबर. टोपल्या रिकाम्या. मी कोड तपासलं, घड्याळ तपासलं, अधिकमास तपासला, तुमच्या पानाच्या डब्यालासुद्धा बोल लावून झाला. तुम्ही पाटी घेऊन हाताने गणित केलंत आणि उत्तर काढलंत, आश्विन वद्य. मग तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत, पाटीकडे बघितलंत, आणि हसायलाच लागलात. खोकला लागेपर्यंत हसलात.

चूक झाली नव्हतीच. आपल्या घरात महिना संपतो अमावास्येला, गल्लीत तो संपतो पौर्णिमेला. पौर्णिमा झाली की दाराबाहेरच्या माणसाचा कार्तिक सुरू, आणि आपल्याकडे अजून पंधरा दिवस आश्विनच. दिवस तोच, तिथी तीच, दिवाळी एकाच दिवशी, फक्त त्या पंधरवड्याचं नाव वेगळं. तुम्ही जन्मापासून हे जाणत होतात. घाटावर एकाच सकाळी महाराष्ट्रातून आलेल्या यजमानाला संकल्पात आश्विन सांगायचात आणि इथल्या यजमानाला कार्तिक, जीभ न अडखळता. तरी मला गणित शिकवताना तुम्हाला ते सुचलं नाही, आणि मला तर नाहीच नाही. असली गफलत व्हायला मराठी माणूस काशीतच राहत असायला हवा.

मी म्हटलं, एका ओळीचं काम आहे, आत्ता बदलते. तुमचं हसू थांबलं. बदलू नकोस, म्हणालात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते सुरूच राहिलं. माझं म्हणणं सोपं होतं. दिवे पंचगंगेचे आहेत, तर महिनाही पंचगंगेचा हवा. तुमच्या कार्तिकाने पंधरा दिवस उशिरा लागतात आणि घाटावरचे उतरले तरी पंधरा दिवस लागलेलेच राहतात. हा स्क्रीन सेव्हर आहे की रेल्वे? तुमचं म्हणणं त्याहून सोपं. घर आपलं आहे, घरात महिना आपला. मी म्हटलं, घाटावर दोन्ही महिने चालतात तुम्हाला. तुम्ही म्हणालात, घाटावर मी यजमानाचा महिना सांगतो, घरात माझा. मी मधला मार्ग काढला, सेटिंगमध्ये दोन पर्याय देते, ज्याला जो हवा तो त्याने निवडावा. त्यालाही तुम्ही नाही म्हणालात. पर्याय दिला की अनघा घाटाचाच निवडेल, हे तुमचं कारण. अनघा तेव्हा “आई, मी कधीची बताते आहे तुला” असलं मराठी बोलायची.

मला ते हट्टीपणाचं वाटलं. एका वर्षी मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, तुम्ही इथे जन्मलात, तुमचे आजोबा इथे जन्मले, गल्लीतलं कुत्रंसुद्धा तुम्हाला ओळखतं, आणि कार्तिक मात्र सांगलीचा हवा तुम्हाला. सांगलीची मी आहे, मला नको असताना.

तुम्ही पान लावत होतात. हातातली सुपारी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “तू तिथून आलीस. तुला मराठी राहायला काही करावं लागत नाही. मला रोज करावं लागतं.”

“आणि मला इथली व्हायला रोज करावं लागतं,” मी म्हटलं, “त्याचं काय?”

तुम्ही सुपारी पुन्हा उचललीत. मी उठून कुकर लावला. इतकी वर्षं एकाच घरात राहून आपण दोघं एकमेकांच्या गावाला निघालो होतो आणि वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेलो होतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं. ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं असं आता वाटतं. कदाचित तुम्हालाही समजलं असेल.

समजलं असणारच. कारण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही मला चल म्हणालात. माझे दादा, म्हणजे माझे वडील, त्याच उन्हाळ्यात सांगलीला वारले होते आणि मला वेळेवर पोचता आलं नव्हतं. पंचगंगेवर तुम्ही एक टोपली सांगून ठेवली होती. पायऱ्यांवर मला बसवून तुम्ही संकल्प सांगितलात, आणि त्यात महिना म्हणालात कार्तिक. घरात आश्विन होता. माझ्यासाठी तुम्ही तो कार्तिक म्हणालात, माझ्या वडिलांच्या नावाने, आणि दोरी माझ्या हातात दिलीत. मी ओढत गेले आणि दिवा वर वर गेला. बाजूच्या बायका मला जागा करून देत होत्या, कुणी माझा पदर पाण्यातून उचलून दिला, आणि त्या दिवसापासून घाटावर मला कुणी पाहुणी समजलं नाही. परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात की घाटावर घाटाचा, घरी घरचा, झालं का समाधान? मी म्हटलं, नाही. पण झालं होतं.

पुढे कॉम्प्युटर बदलले. प्रत्येक नवीन सिस्टिम आली की जुना प्रोग्रॅम चालेनासा व्हायचा आणि मी पुन्हा बसून त्याला चालता करायचे. मोठा मॉनिटर गेला, चपटा आला, ज्याच्यावर डाग पडत नाहीत. स्क्रीन सेव्हर आता कोण वापरतं, अनघा विचारायची. वापरायला कुणी लागत नाही, तुम्ही सांगायचात, कुणी नसतं तेव्हाच तो असतो. माकडांनी एकदा गच्चीतली वायर तोडली, एकदा विजेने आतलं सगळं जळलं, तरी दर वेळी मी तेच आकाश परत आणलं आणि दर वेळी ती ओळ जशीच्या तशी ठेवली. मनात आणलं असतं तर तुम्हाला कळायच्या आत बदलली असती. तुम्हाला कोड वाचता येत नव्हतं. पण कोजागिरीला तुम्ही येऊन बघणार, टोपल्या रिकाम्या आहेत याची खात्री करणार आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघणार, हे मला बुडवायचं नव्हतं.

या कोजागिरीला तुमच्यात उठून बसायचं बळ नव्हतं. पलंग खिडकीशी सरकवला होता. पंचगंगेचे दिवे लागले, त्यांचा उजेड तुमच्या चष्म्यात दिसत होता. तुम्ही पडद्याकडे मान न वळवता विचारलंत, “आपले लागले का?”

मी नेहमीच्या ठसक्यात म्हटलं, तुमच्या हिशोबाने अजून पंधरा दिवस.

“मग थांबतो,” तुम्ही म्हणालात.

आणि थांबला नाहीत. हे मला तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं. तिथी-मुहूर्ताचा एवढा पक्का माणूस, दिलेली वेळ कधी न चुकवणारा. मला फार राग आला तुमचा. अजून येतो. भांड्यांचा आवाज जास्त होतो माझ्या हातून, अनघा नुसती बघते.

तुम्हाला नेलं त्या संध्याकाळी शेजारच्या मिसराइन चाची माझ्याजवळ येऊन बसल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “पंडीजी बड़भागी रहलन बहू, कातिक में गइलन.” काशीत मरण आणि तेही कार्तिकात, याहून मोठं भाग्य इथे कुणी मानत नाही. येणारा प्रत्येक जण तेच सांगून गेला. मला रडता रडता हसू फुटलं. घाटाच्या कार्तिकाने तुम्ही भाग्यवान ठरलात, आणि तुमच्या स्वतःच्या हिशोबाने तुमचं ते भाग्य थोडक्यात हुकलं. जन्मभर माझं ऐकलं असतंत तर पुण्य पदरात पडलं असतं. एवढा सरळ विजय मला कधी मिळाला नव्हता आणि तो दाखवायला तुम्ही नव्हतात.

पुढे वर्षश्राद्धाचा दिवस पक्का करायला घाटावरच्या गुरुजींनी तिथी विचारली. अनघा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आश्विन वद्य पंचमी. गुरुजी इथले, हिंदी बोलणारे. ते अदबीने म्हणाले, “कार्तिक कृष्ण पंचमी, माताजी.” मी म्हटलं, घाट पर वही, घर में आश्विन. बोलून झाल्यावर कळलं की हे बोलणं माझं नाहीच.

अनघाने ती ओळ बदल म्हटलं त्या दिवशी मी खरंच फाइल उघडली होती. पडद्यावर ती ओळ, तिच्यासमोर लुकलुकणारा कर्सर. वद्य पक्ष असेल तर पुढचा महिना धर, एवढंच वाढवायचं होतं. तुमच्या नावाने दिवे लगेच लागले असते, तुम्हाला वाट दाखवायला. वाट दाखवायला म्हणून मी एवढा वेळ तिथे बसले आणि मग वाटलं, माणूस ज्या महिन्यात राहिला त्याच महिन्यात तो घर शोधत येईल. भलत्याच कार्तिकात दिवे दिसले तर म्हणेल, हे घर आपलं नव्हे. फाइल बंद केली. अनघाला सांगितलं, दोन दिवस थांब. बाबा थांबणार होते, आपणच थांबू.

आज पाडवा. घरात दिवाळी नाही, उद्या तुमचा तेरावा. सकाळी सवयीने माझा हात फडताळातल्या तबकाकडे गेला आणि मी ते तसंच आत सरकवून दिलं. दर पाडव्याला मी तुम्हाला ओवाळायचे, तुम्ही नवं उपरणं घेऊन पाटावर बसायचात आणि अक्षता केसांत राहिल्या म्हणून कुरकुर करायचात. हीच कार्तिक शुद्ध प्रतिपदा. गणित करताना ती माझ्या हाताखालून शंभरदा गेली असेल, महिन्याचा पहिला दिवस म्हणून, नुसता एक आकडा म्हणून. तुमचा कार्तिक ज्या दिवशी लागायचा त्या दिवशी बायकोच्या हातातलं निरांजन तुमच्या तोंडासमोर असायचं. दाराबाहेरच्या कार्तिकाची सुरुवात अशी नव्हती. तुम्ही हे कारण मला कधी दिलं नाहीत. मराठीपणावर एवढं बोललात आणि हे एवढंसं बोलला नाहीत. आता कुणाला विचारू, मनात होतं का?

संध्याकाळी अनघा पडद्यासमोर सतरंजीवर येऊन बसली, मी तिच्या शेजारी. दोघींनी हात मांडीवर ठेवले. बाहेर गल्लीत फटाके वाजत होते. आधी नुसतं आकाश आलं, नदीची रेघ आली, बांबू आले. मग डावीकडच्या टोपलीत, ज्याला तुम्ही तेल कमी म्हणाला होतात त्या दिव्याने, जरासं तांबूस व्हायला सुरुवात केली. त्याच्यामागून मधला. मग सगळेच, ज्याचा त्याचा वेळ घेत. अनघा रडत होती. मी रडले नाही, मला तुम्हाला वेळेवर सांगायचं होतं.

अहो, आपला कार्तिक लागला.